उजवी बाजू पाहुण्याची

माईचा फोन आला की मी आधी तिचा आवाज तपासते. खोकला लपवते आहे का, जेवले म्हणते ती खरंच जेवली का, इतक्या सकाळी फोन का केला. कुणी सरळ बोललं की त्यात काहीतरी असणारच असं मला वाटतं. ही माझी जुनी खोड आहे, आणि ती कुठल्या हिवाळ्यात लागली हेही मला नेमकं ठाऊक आहे. परवा माई म्हणाली, "शालू, पट भरून राह्यला व यंदा. पोट्टे धावपट्टी साफ करून राह्यले. येतेस का?" आवाजात काही नव्हतं. तरी फोन ठेवून मी चंद्रपूरच्या घराच्या गॅलरीत बराच वेळ उभी राहिले. खालून घुग्घुसकडचे कोळशाचे ट्रक जात होते, कठड्यावर बोट फिरवलं तर काळं होत होतं, आणि मला मात्र वास येत होता धानाच्या तणसाचा.

पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. आमच्या धानपट्ट्यात पीक कापून, मळून घरात आलं की माणसांना आणि बैलांना एकदमच मोकळीक मिळते. शेतात नुसती धसकटं उरलेली, धानाच्या बांधीत पेरलेल्या लाखोळीचा निळा फुलोरा, सकाळी तलावावर धुकं. अशा दिवसांत गावोगाव पट भरतो. घराघरात पाहुणे येतात, मांडवाखाली जिलबीची कढई चढते, आलेल्या पाहुण्यांत कुणाचा मुलगा लग्नाचा आहे याची बायका चौकशी करतात. मध्ये कितीतरी वर्षं पट बंद होता. आता परवानगी मिळाली आहे म्हणतात. परवानगी खरंच मिळाली आहे की पोरांनी आपलं ठरवून टाकलं आहे, हे मी दोन माणसांना विचारून पक्कं केलं, मगच बस धरली.

मूल गावाच्या पुढे जंगल लागतं आणि खिडकीतून गार वारा आत येतो. त्या वाऱ्याबरोबर मला नेहमी एक आवाज आठवतो, आणि तो पाखरांचा नसतो. टेपरेकॉर्डरमधून येणारी लांब, चिरकी, अखंड किंकाळी असते ती. आमच्या घरातल्या कॉम्प्युटरला जाग आणायची तर ती पाच मिनिटं ऐकावीच लागायची. माई कानावर पदर घ्यायची. शेजारची कुत्री अंगण सोडून जायची.

माझे बाबा रेडिओ दुरुस्त करायचे. पुढे टीव्ही आले तेव्हा तेही करू लागले. शिक्षण आठवीपर्यंत, पण रेडिओच्या आतले नकाशे वाचता वाचता इंग्रजी अक्षरं ओळखीची झालेली. त्यांना सगळे रेडिओवाले गोपाळभाऊ म्हणत. एकदा खाणीतले एक इंजिनियर साहेब त्यांच्याकडे एक डबा दुरुस्तीला देऊन गेले. वहीएवढा, काळा, रबरी बटणांचा. टीव्हीला जोडला की पडद्यावर अक्षरं उमटवायचा आणि त्याला जे शिकवायचं ते त्या किंकाळीच्या रूपात कॅसेटवर साठवायचा. साहेबांची बदली झाली. बाबा म्हणाले, "ठेवून घ्या म्हनले साहेब." माईचा त्यावर विश्वास नव्हता. "एवढी भारी वस्तू कोनी असं देते काय?" असं ती दर आठवड्याला विचारायची, आणि बाबा दर आठवड्याला तेच उत्तर द्यायचे. तेच उत्तर, त्याच शब्दांत. मला ते पाठ केल्यासारखं वाटायचं. तेव्हा मी दहावीत होते.

त्या डब्याबरोबर साहेबांनी दोन पुस्तकं दिली होती. इंग्रजी माझंही बेताचंच, पण बीजगणितासारखं ते हळूहळू उलगडू लागलं. ओळीला आकडा द्यायचा, मग हुकूम लिहायचा. असं असेल तर तिकडे जा, नसेल तर पुढची ओळ बघ. रविवारच्या दुपारी बाबा सोल्डरच्या राळेचा धूर काढत कुणाचा तरी रेडिओ उघडून बसलेले, आणि मी शेजारी दोनशे पानी वहीत निळ्या शाईनं ओळी लिहीत, मग एकेक बटण शोधून टाइप करत. वीज गेली की सगळं पुसलं जायचं. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नव्हता, म्हणून मी दर दहा ओळींनी कॅसेटवर साठवायची. त्या कॅसेटवरही माझा भरवसा नव्हता, म्हणून पुन्हा दुसऱ्या कॅसेटवर. बाबा हसायचे. म्हणायचे, "येवढं नको भेत जाऊ. मशीन मानसासारखी नसते, ती खोटं बोलत नाई."

दर हिवाळ्यात पटाच्या तीन दिवस आधी आमच्या अंगणात सोमाजीकाका यायचे. वैनगंगेपलीकडचे, गडचिरोलीच्या बाजूचे. उंच, काळेसावळे, मिशीवर धूळ. त्यांची बाबांशी ओळख एका रेडिओवरून झाली होती आणि पुढे रेडिओ जुना झाला तरी मैत्री तशीच राहिली. त्यांच्याबरोबर त्यांची जोडी, चांद्या आणि बिजल्या. बैल आमच्या गोठ्यात बांधले जायचे आणि सोमाजीकाका त्यांना खाऊ घालून, पाठ चोळून, मगच हात धुवायचे. मडक्यात नदीची मासोळी आणलेली असायची. जेवायला पंगत बसली की माई प्रत्येक पदार्थ आधी त्यांच्या पानाकडे न्यायची. बाबा भुकेले असले तरी. एकदा माझ्या धाकट्या भावानं आधी भात मागितला तेव्हा तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पाहुण्याला आधी विचारायचं, मग घरच्यांना, हा आमच्याकडचा कायदा, आणि तो कुणी शिकवावा लागत नाही.

पटातही तोच कायदा. आमच्या गावात दोन धावपट्ट्या शेजारी शेजारी, मधे मातीचा बांध. उजवी पट्टी मोहाच्या झाडांकडची. तिथली माती घट्ट, उन्हात बैलाच्या डोळ्यावर तिरीप येत नाही. म्हणून उजवी बाजू पाहुण्याच्या जोडीला, डावी गावच्या जोडीला. हे कधी ठरलं कुणाला माहीत नाही, पण यावर आमच्या गावात कधी भांडण झालं नाही. भांडण व्हायचं ते शेवटच्या खुणेवर. दोन जोड्या बरोबरीनं आल्या की कोण आधी? निशाण धरून उभा असलेला माणूस कुणाचा तरी मेव्हणा असायचाच. मी दहावीत होते त्याच्या आदल्या वर्षी लाठ्या निघाल्या होत्या आणि एकाचं डोकं फुटलं होतं.

म्हणून त्या वर्षी पटाच्या कमिटीचे किसनभाऊ आमच्या दुकानात आले. दुकान म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली, त्यांनी बाबांना बसायला दिलेली. त्यांची स्वतःची जोडीही पटात धावायची. ते स्टुलावर बसले आणि त्या दिवशी दुकानात आणलेल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाले, "गोपाळ, याच्यानं निकाल सांगता येईन काय? मानसाले नातं असते. या मशीनले काय नातं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. माझी पूर्वपरीक्षा दोन आठवड्यांवर होती आणि मी मान हलवली.

बाबांची युक्ती साधी होती. प्रत्येक पट्टीच्या शेवटी बैलाच्या छातीच्या उंचीवर एक बारीक सुतळी आडवी. सुतळीचं टोक पुठ्ठ्याच्या तुकड्याला, आणि तो पुठ्ठा कपड्याच्या चिमट्यात दाबलेला. चिमट्याच्या दोन्ही ओठांना पत्र्याच्या पट्ट्या. बैलांनी सुतळी ओढली की पुठ्ठा निसटतो, पत्रे एकमेकांना चिकटतात, आणि तिथून वायर थेट कॉम्प्युटरच्या बटणाला. डावीची वायर एकच्या बटणाला, उजवीची शून्याच्या. पुढचं काम माझं. डावी जोडी आली तर पडद्याचा डावा अर्धा भाग पांढरा, उजवी आली तर उजवा. अक्षर न वाचता येणाऱ्यालाही कळलं पाहिजे असं बाबांचं म्हणणं होतं. मी चार ओळींत ते लिहिलं. पण चार ओळींत काय मजा? पडद्यावर काहीतरी हलतं दिसावं, लोकांनी तोंडात बोट घालावं, म्हणून मी वर मोठा पळता आकडा घातला. एक, दोन, तीन, चार. त्याच्या सहा ओळी झाल्या. त्या सहा ओळींचा मला फार अभिमान होता.

अंगणात आम्ही तालीम घेतली. मी डावी सुतळी ओढली, डावा भाग पांढरा. उजवी ओढली, उजवा. भावाला पळायला लावलं, शेळी सोडली, सगळं बरोबर. माई शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, "अन् दोनी बरोबर आल्या तं?"

मला हसू आलं. "माई, मशीन लय फास्ट राह्यते. तिच्यासाठी दोन गोष्टी बरोबर होतच नाई."

माई म्हणाली, "असंल बापा," आणि शेंगा सोलू लागली. बाबांनी मात्र एकदा माझ्या वहीकडे पाहिलं होतं, हे मला आठवतं. किंवा त्यांनी पाहिलं असावं असं मला पुढे वाटत राहिलं. संशयाचं हेच वाईट असतं, तो मागे जाऊन आठवणी दुरुस्त करतो.

पटाचा दिवस. सकाळी थंडी, दुपारी टळटळीत ऊन. भज्यांचा वास, धुळीचा वास, माइकवरून जोड्यांची नावं. मांडवात टेबलावर टीव्ही, त्याच्यावर ऊन पडू नये म्हणून घोंगडी बांधलेली, आणि टेबलाभोवती इतकी गर्दी की पोलीस पाटलाला काठी आडवी धरावी लागली. लोकांना बैलांपेक्षा पळता आकडा बघायचा होता. एक म्हातारा पडद्याच्या मागे जाऊन बघून आला की आत कोण बसलं आहे. दुपारपर्यंत बारा फेऱ्या झाल्या आणि एकही भांडण नाही. किसनभाऊ माइकवरून म्हणाले, "पाहा, मशीनले कोनाचं घेनं नाई, देनं नाई." बाबांच्या पाठीवर लोक थाप मारत होते. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बटणं दाबायला बसवलेली पोरगी एवढीच माझी ओळख, आणि बाबांनीही ती बदलली नाही. मला ते लागलं होतं. सगळं मी लिहिलं होतं, आणि नाव यांचं.

शेवटच्या फेरीत उजवीकडे सोमाजीकाकांची जोडी, डावीकडे किसनभाऊंची. चांद्याचं ते शेवटचं वर्ष होतं. त्याचा मागचा पाय हिवाळ्यात धरायचा, काकांनी ते आदल्या दिवशी बाबांना हळूच सांगितलं होतं. मागची तीन वर्षं ते दुसरे आले होते. मानाची झूल एकदा चांद्याच्या पाठीवर पडावी, मग त्याला पळवणार नाही, असं ते म्हणाले होते. आमच्या गोठ्यात, बैलाच्या कानाशी तोंड नेऊन, त्यालाही सांगत असल्यासारखे.

झेंडी पडली. दोन्ही छकडे उडाले. मी पडद्याकडे बघायला हवं होतं, पण मी मान वळवून पट्टीकडे पाहिलं. मोहाच्या झाडांखालून चांद्या येत होता, मान खाली, नाकपुड्या फुललेल्या. दोन्ही जोड्या बरोबर होत्या, आणि अगदी शेवटी चांद्याचं शिंग हातभर पुढे गेलं. मी ते पाहिलं. माझ्या शेजारच्या बायकांनी पाहिलं. उजवीकडे उभ्या असलेल्या शेकडो माणसांनी आधीच टोप्या उडवल्या होत्या.

पडद्याचा डावा भाग पांढरा झाला.

मग डावीकडून जो गोंगाट उठला तो अजून माझ्या कानात आहे. मी बाबांकडे पाहिलं. बाबा पडद्याकडे पाहत होते. मग त्यांनी वर पाहिलं, पण समोर येऊन उभ्या राहिलेल्या सोमाजीकाकांकडे नाही, किसनभाऊंकडे नाही, माझ्याकडे. क्षणभरच. आणि त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. निदान मला तसा दिसला.

सोमाजीकाका म्हणाले, "गोपाळ, मशीनचं जाऊ दे. तुया डोळ्यानं तू का पाह्यलं ते सांग."

बाबा म्हणाले, "मी नाई पाह्यलं, सोमाजी. मी टीव्हीकडं पाहून राह्यलो होतो."

"तं मंग हे मशीन का म्हनते?"

"मशीन जे म्हनते ते म्हनते."

"अन् तू का म्हनते?"

पुन्हा एकदा बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "निकाल लागला ना भाऊ. आता काय बोलाचं."

झूल किसनभाऊंच्या बैलावर पडली. सोमाजीकाकांनी आमच्या अंगणात येऊन बैल सोडले. माईनं ताट वाढलं होतं, मासोळीचा रस्सा, तांदळाची भाकर. ते ताटाकडे न बघता म्हणाले, "बाई, तुमच्या हातचं लय खाल्लं. आता पुरे." चांद्या लंगडत होता. मी दाराशी उभी होते आणि ते माझ्या जवळून गेले, पण मला काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

आमच्याकडे कुणी उघड काही बोललं नाही. गावची जोडी जिंकली होती, कोण बोलणार? पण नदीपलीकडून येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर ती गोष्ट यायची. रेडिओवाल्यानं दोस्ताचा गळा कापला. आणि माझ्याजवळ तर पुरावे होते. दुकान किसनभाऊंच्या खोलीत. त्याच उन्हाळ्यात किसनभाऊंनी त्या खोलीवर नवे टिन घातले. पटाच्या आठवडाभरात बाबांनी कॉम्प्युटर खोक्यात बांधून दुकानाच्या माळ्यावर ठेवला आणि म्हणाले, "बिघडली ते." मी विचारलं, काय बिघडलं? म्हणाले, "आतलं." जगातली कुठलीही वस्तू उघडून बघणारा माणूस हा, आणि याला काय बिघडलं ते सांगता येत नाही? मला वाटलं, माझ्या पाठीमागे त्यांनी वायरीत काहीतरी केलं होतं. डावीची वायर आतून आखूड केली असेल. उजवीचा चिमटा ढिला केला असेल. पंधराव्या वर्षी मी बसून असे सात प्रकार शोधून काढले, आणि त्यातला एकही माझ्या वहीतल्या ओळींकडे बोट दाखवणारा नव्हता.

त्यानंतर मी बाबांना फारसं काही विचारलं नाही. शिकले, चंद्रपूरला नोकरी लागली, लग्न झालं. बाबा यायचे, नातवाचं खेळणं दुरुस्त करून द्यायचे, आणि मी त्यांच्या मागे जाऊन ते नीट चालतं का तपासायची. ते बघायचे आणि हसायचे. वाईट वाटून घेतलं असेल तर दाखवलं नाही. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

यंदा पटाच्या आदल्या दिवशी माई म्हणाली, दुकानाची खोली आता सोडायची आहे, सामान बघ. काम सोपं होतं, कारण बाबांचं सगळं खोक्यात आणि खोक्यांवर चिठ्ठ्या. एका खोक्यात तो काळा डबा निघाला. रबरी बटणं चिकट झाली होती. त्याच्याखाली माझी दोनशे पानी वही.

माझं अक्षर. निळी शाई फिकी झालेली. ते दहा ओळींचं पान मी उघडलं आणि वाचलं. तीस वर्षं होत आली, पण वाचता आलं. आधी ओळ डावीची: एकचं बटण दाबलंय का? मग ओळ उजवीची: शून्याचं दाबलंय का? मग माझ्या लाडक्या सहा ओळी, आकडा पुसायचा आणि नवा काढायचा. मग परत पहिल्या ओळीवर.

ते मशीन दोघींना एकदम विचारूच शकत नव्हतं. ते एकामागून एक विचारायचं. डावीला, आलीस का? उजवीला, आलीस का? मग ते आकडा काढत बसायचं, आणि सगळा वेळ तिथंच जायचा. त्या वेळात उजवी जोडी येवो आणि तिच्या मागून हातभर अंतरानं डावी येवो, मशीनला काही पत्ता नाही. आकडा काढून ते परत यायचं आणि पहिल्यांदा विचारायचं डावीला. डावी म्हणायची, आले. संपलं. उजवीला विचारायची पाळीच यायची नाही.

त्याच्या खाली पेन्सिलीनं बाबांचं अक्षर होतं. "दोनी चिमटे एकाच दोरीनं." आणि मग खाली रांग: डावी, डावी, डावी, डावी, उजवी, डावी, डावी. पान भरून. मधेच कुठेतरी एखादी उजवी. म्हणजे माईचा प्रश्न त्यांनी शेवटी करून पाहिला होता, एकट्यानं, पट झाल्यावर. दुसऱ्या पानावर माझ्या दोन ओळींच्या शेजारी बाण काढलेला, खालची वर, वरची खाली, आणि लिहिलेलं: "पाहुण्याले आधी विचाराचं." त्याखाली पुन्हा रांग. आता उजवी, उजवी, उजवी. मग ती रांग अर्ध्यात थांबलेली. पुढे कोरं. कुणाला तरी आधी विचारल्याशिवाय हे चालतच नाही, हे त्यांना तिथे कळलं असणार. मग त्यांनी डबा बांधला असणार.

मी काय केलं सांगू? मी आधी संशय घेतला. हे मला सापडावं म्हणून मुद्दाम लिहिलं असेल का? मग पेन्सिलीचा ठसा मागच्या पानावर उमटलेला पाहिला, राळेचा डाग पाहिला, आणि खोलीत खाली बसले. त्या दिवशी बाबा माझ्याकडे बघत होते. पडदा पांढरा झाल्याबरोबर त्यांना काय चुकलं ते कळलं नसेल, पण कुणाचं चुकलं ते कळलं होतं. एक शब्द त्यांनी बोलायचा होता, पोरीनं लिहिलं. आदल्या वर्षी लाठ्या काढलेल्या त्या गर्दीत तो शब्द ते बोलले नाहीत. पुढेही बोलले नाहीत, मी त्यांची दुरुस्त केलेली खेळणी तपासत असताना सुद्धा नाही. मला त्यांचा रागही आला. मला सांगायचं होतं ना! मी सहन केलं असतं. पण मी कसली सहन करणार, ते मला ओळखत होते.

माईला विचारलं. ती म्हणाली, "तुये बाबा एक डाव गेले होते सोमाजीभाऊकडं. घरी नाई म्हनून सांगतलं त्याहीनं. गोठ्यात बैल दिसून राह्यले होते म्हने." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी गाव पटाला गेलं आणि मी वही घेऊन नदीपलीकडे गेले. पुलावरून वैनगंगा अगदी बारीक दिसत होती. सोमाजीकाकांचं घर विचारत विचारत सापडलं. ते उन्हात खाटेवर बसले होते. डोळ्यांना जाड भिंगं. गोठा रिकामा, खुंटीला एक जुनी घंटा.

"कोन व?"

"मी शालू, काकाजी. रेडिओवाल्या गोपाळभाऊची."

ते खाटेवर थोडे बाजूला सरकले. मग म्हणाले, "गोपाळ गेला म्हनते. मले कोनी सांगतलं नाई."

मी खाटेच्या कडेला बसले आणि सगळं सांगितलं. सुतळी, चिमटा, आकडा, डावी, उजवी. रडणार नाही असं ठरवलं होतं, ते जमलं नाही. "चांद्या आधी आला होता, काकाजी. मी पाह्यलं होतं. चूक मायी होती, बाबाची नाई. मी डावीले आधी विचारलं."

"किती वर्साची होती तू तवा?"

"पंधरा."

ते हसले. दात नव्हते. "पंधरा वर्साची पोट्टी पटाचा निकाल देईन, अन् आमी मोठेमोठे मानसं पाहत बसू? बापाले वाचवून राह्यली तू. वाचव. पोरीनं नाई तं कोनं वाचवावं?"

"नाई काकाजी, खरंच, हे पाहा ना, माया हातचं..."

"मी त्याले कवाचंच माफ केलं व," ते म्हणाले. "त्या दिवसी दारात आला होता, तवाच कराले पाहिजे होतं."

ज्या गुन्ह्याची माफी होती तो गुन्हा बाबांनी केलाच नव्हता, आणि हे सांगणारी जगात मी एकटी, आणि माझं कुणी खरं मानणार नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही मानलं नसतं. आयुष्यभर दुसऱ्याकडे तशीच तर बघत आले.

सून चहा घेऊन आली आणि तिनं पहिला कप सासऱ्यापुढे धरला. त्यांनी हात आडवा केला. "आधी तिले दे." मग माझ्या मांडीवरची वही त्यांनी ओढून घेतली. मला दिसत नाही म्हणाले, तरी पान उलटलं. दुसरं पान. त्यांचा अंगठा पेन्सिलीच्या त्या ओळीवर आला आणि तिथंच थांबला. अगदी बरोबर त्या ओळीवर. चहा निवेपर्यंत त्यांनी तो उचलला नाही, आणि वर पाहिलं तेव्हा इकडच्या तिकडच्या गोष्टी काढल्या, माई कशी आहे, पोरं किती.

परतताना पुलावर बस थांबली होती आणि मला शंका आली. म्हाताऱ्याला सगळं पटलं होतं, आणि बाबांसारखंच त्यानंही ते मला कळू दिलं नाही, असं तर नसेल? उतरून परत जावं आणि विचारावं असं एकदा मनात आलं. पण मी खिडकीशी बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच एक शंका मला फिटू द्यायची नव्हती.